एकवीस सेकंद मागे

(१९८० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



माझ्याआधी हृदयविकारावर बोलणं झालं, अमेरिकेतल्या नोकरीवर झालं, शेततळ्यावर झालं. आता घड्याळवाला. संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि वर "तू तरी वेळ पाळशील" असं बजावलं आहे. घड्याळजी वेळ पाळतो हा एक गैरसमज आहे. माझ्या दुकानात या क्षणी साठएक घड्याळं आहेत आणि त्यांतली कुठलीही दोन एक वेळ दाखवत नाहीत. गिऱ्हाईक आत येतं, भिंतीकडे बघतं आणि विचारतं, "यातलं बरोबर कुठलं?" माझे वडील सांगायचे, "बरोबर एकही नाही. पण कुठलं किती चुकतं ते मला माहीत आहे."

हे वाक्य मी लहानपणी हजार वेळा ऐकलं आणि सोडून दिलं. त्याचा अर्थ कळायला मला एक चूक करावी लागली. ती मी या शाळेत केली, आणि आज ती सांगायलाच उभा आहे. पण आधी थोडं घड्याळांविषयी बोलू द्या, नाहीतर चूक नीट कळणार नाही.

टेबलावर हे जे ठेवलं आहे ते तुम्ही सगळ्यांनी ओळखलंच. ऑफिसातलं लंबकाचं घड्याळ. फी भरायला गेलो की याच्याखाली रांग लागायची. उशिरा आलेल्यांना याच्याकडेच तोंड करून उभं करायचे, म्हणजे मला याची डायल तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. नवीन इमारतीचं काम निघालं तेव्हा बाईंनी ते माझ्याकडे पाठवलं. आठ दिवसांची चावी, पोलादी दांडी, खाली पितळी चकती, आणि चकतीखाली एक छोटं नट. हा लंबक साधारण पाव मीटर लांब आहे, सेकंदाला एक फेरा होतो, जाऊन दोन टोले पडतात. नट वर चढवलं तर लंबक आखूड होतो आणि घड्याळ जोरात चालतं, खाली उतरवलं तर मंद.

आता याची नजाकत बघा. घड्याळ दिवसाला दहा सेकंद मागे पडत असेल, तर लंबक किती आखूड करावा लागेल? मिलिमीटरचा सतरावा भाग. एका केसाच्या जाडीइतका, त्याहूनही थोडा कमीच. हातानं ते नट तेवढंच फिरवायचं. मी पंचेचाळीस वर्षं हे करतोय, आणि अजून पहिल्या फटक्यात जमत नाही.

आणि समजा जमलं, तरी एप्रिल येतोच. लोखंड तापलं की वाढतं हे आपण आठवीत शिकलो, रुळांच्या मधल्या फटीच्या चित्रासह. पोलादी लंबकही वाढतो. एका अंशाला घड्याळ दिवसाला अर्धा सेकंद मंद होतं. आपल्याकडे डिसेंबरात ऑफिसातली हवा आणि एप्रिलातली हवा यांत नऊ-दहा अंशांचा फरक धरा, म्हणजे थंडीत बरोबर लावलेलं घड्याळ उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच सेकंद मागे राहणार. त्यात घड्याळाचा दोष काही नाही. ते हवामान दाखवतंय म्हणा.

आपल्या भूगोलाच्या सरांनी आपल्याला सावली मोजायला लावली होती, आठवतंय? नववीत. हुतूतूच्या मैदानात बांबू रोवला, ओळंब्यानं सरळ केला, आणि त्याच्याभोवती दोरी-खिळ्यानं फक्कीची दोन वर्तुळं काढली. पुस्तकात लिहिलं होतं की मध्यान्हीला सावली सर्वांत आखूड असते. सर म्हणाले, आखूड कधी होते ते डोळ्यांनी कळणार नाही, कारण त्या सुमारास सावली जवळजवळ हलतच नाही. म्हणून सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला कधी शिवतं ते लिहा, दुपारी पुन्हा कधी शिवतं ते लिहा, आणि दोन्हींचा मध्य काढा. ही युक्ती आपल्याकडची फार जुनी. शंकू रोवून वर्तुळावर सावलीच्या खुणा करायच्या आणि त्यावरून दिशा काढायच्या, हे सूर्यसिद्धान्तात सांगितलं आहे.

माझ्याकडे त्या वेळची वही आहे. जानेवारीचा शेवटचा आठवडा. मोठं वर्तुळ : सकाळी १० वाजून ५० मिनिटं, दुपारी २ वाजून ४३ मिनिटं. मध्य १२ वाजून ४६ मिनिटं ३० सेकंद. लहान वर्तुळ : ११ वाजून २० आणि २ वाजून १२. मध्य १२ वाजून ४६. पाऊण वाजता मध्यान्ह! आपण सगळे ओरडलो, "सर, घड्याळ चुकलंय." कारण त्याआधी नोव्हेंबरात हाच प्रयोग केला तेव्हा १२ वाजून २० मिनिटं आली होती.

सरांनी मग फळ्यावर समजावलं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. आपलं सातारा ७४ वर. साडेआठ अंश गुणिले चार मिनिटं, म्हणजे चौतीस मिनिटं आपला सूर्य मागे. उरलेला फरक पृथ्वीचा. तिची कक्षा लंबगोल आणि आस कललेली, त्यामुळे सूर्य वर्षभर एका चालीनं चालत नाही, नोव्हेंबरात सोळा मिनिटांपर्यंत पुढे असतो आणि फेब्रुवारीत चौदा मिनिटांपर्यंत मागे. म्हणजे ज्याच्यावरून माणसानं घड्याळ लावायला सुरुवात केली तो सूर्यच घड्याळाच्या हिशेबानं चुकतो. पण किती चुकतो ते तारीखवार ठाऊक आहे. (मुंबईकरांना हे चौतीस मिनिटांचं प्रकरण अजिबात मान्य नव्हतं. देशात १९०६ पासून प्रमाणवेळ आली तरी मुंबईत १९५५ पर्यंत एकोणचाळीस मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' चालू होती. सर हे सांगताना फार खुश व्हायचे.)

त्या प्रयोगातल्या दोन गोष्टी मला पुढे फार वर्षांनी महत्त्वाच्या वाटल्या. एक म्हणजे, दोन वर्तुळांच्या उत्तरांत अर्ध्या मिनिटाचा फरक आला तेव्हा आपल्यातल्या हुशार मुलांनी एक उत्तर खोडून दुसऱ्याशी जुळवलं होतं. सरांनी त्यांना पुन्हा लिहायला लावलं. म्हणाले, "सावलीची कड पुसट असते. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, थाळी आहे. तेव्हा अर्ध्या मिनिटाचा घोळ राहणारच. तो लिहा. ज्या उत्तरात घोळ लिहिलेला नाही ते मी तपासणार नाही."

दुसरी गोष्ट अशी. वेळ सांगायला ऑफिसच्या दारात शिपाईमामा उभे होते. सर मैदानातून हात वर करायचे आणि मामा ऑफिसच्या घड्याळात बघून वेळ ओरडायचे. पण नुसती वेळ नाही. "दहा पन्नास, अन् घड्याळ चार सेकंद पुढं हाय!" आपण किती हसलो होतो. बांबूची सावली मोजताय आणि चार सेकंदांचा हिशेब! सर हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आता माझं घड्याळ. नववीत वर्गात तिघांकडेच मनगटी घड्याळ होतं, त्यांतला एक मी. एचएमटी जनता. सतरा ज्युवेल, रोज चावी द्यायची. हे घड्याळ तासाला अठरा हजार टोले देतं, सेकंदाला पाच. दिवसाला ४,३२,००० होतात. आपल्यातल्या ज्यांचा पंचांगाशी संबंध आहे त्यांनी कान टवकारले असतील, कलियुगाची वर्षं तेवढीच. योगायोग आहे, पण दुकानात सांगितला की गिऱ्हाईक खुश होतं.

माझं घड्याळ दिवसाला चाळीस सेकंद मागे पडायचं. म्हणजे दोन हजार एकशे साठ टोल्यांमागे एक टोला कमी. शंभरात ९९.९५ गुण म्हणा, इतके आपल्या वर्गात कुणालाच पडले नव्हते. वडिलांनी ते सुटे भाग जमवून बनवलं होतं आणि दुरुस्तीवाल्याच्या घरचं घड्याळ नेहमी सगळ्यांत शेवटी दुरुस्त होतं. देताना त्यांनी सांगितलं होतं, "रोज चाळीस सेकंद मागे पडेल. रविवारी रेडिओवर मिळवत जा. मधल्या वारी वेळ बघितलीस तर हिशेब करून बघ." हे मला तोंडपाठ होतं. म्हणजे मला नियम माहीत होता, आकडा माहीत होता आणि पाढेही येत होते.

२१ एप्रिल १९७९, शनिवार. नववीची वार्षिक परीक्षा, गणिताचा पेपर, आठ ते अकरा. शेवटची घंटा झाली तेव्हा माझ्या घड्याळात अकराला चार कमी होते. फाटकाशी आपल्यातल्या एकाचे वडील उभे होते. त्यांच्या मुलाचं शेवटचं गणित राहिलं होतं. त्यानं मला विचारलं, मी घड्याळ दाखवलं, आणि पाच मिनिटांत आम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत. त्यांनी मामांना बोलावलं. मग मला विचारलं, "तू घड्याळजींचा मुलगा ना? तुझ्या घड्याळात किती वाजले होते?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "चार मिनिटं आधी झाली घंटा, सर."

मामा म्हणाले, "साहेब, वहीत लिवलंय." मुख्याध्यापक म्हणाले, "वही तुझीच ना?"

एवढंच झालं. त्या दिवसापासून घंटेचं काम मामांकडून काढून दुसऱ्या शिपायाकडे दिलं. आपलं दहावीचं सबंध वर्ष घंटा दुसऱ्यानं दिली. तुमच्या लक्षातही नसेल. घंटा होत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. बातम्या लागल्या, मी घड्याळ मिळवायला घेतलं आणि बघतो तर चार मिनिटांहून जास्त मागे. सहा दिवस गुणिले चाळीस सेकंद म्हणजे दोनशे चाळीस. शनिवारची चार मिनिटं तीच. गणिताच्या पेपराला बसून आलो होतो मी! तेव्हा मला सगळं कळलं. सोमवारी शाळेत जाऊन सांगता आलं असतं. मी काटे फिरवले, बटण दाबलं आणि कुणाला काही बोललो नाही. वडिलांनाही नाही. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी हाताला धरून शाळेत नेलं असतं हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच नाही सांगितलं.

शाळेचं घड्याळ माझ्याकडे दुरुस्तीला आलंय हे गावात कळलं, तेव्हा एक ताई दुकानात आल्या. मामांची मुलगी. त्या आज इथे आल्या आहेत. त्यांनी पिशवीतून तीन शंभर पानी वह्या काढल्या आणि म्हणाल्या, "हे घड्याळाबरोबरचंच आहे, तुमच्याकडे असू द्या." १९६६ ते १९८९. रोज एक ओळ.

मामांचा शिरस्ता असा होता. सकाळी घरी रेडिओवर बातम्या सुरू झाल्या की मनगटावरचं घड्याळ त्याच्याशी ताडून बघायचं. शाळेत आल्यावर ऑफिसचं घड्याळ मनगटातल्याशी ताडायचं. फरक वहीत. सोमवारी चावी दिली की काटे बरोबर लावायचे, आठवडाभर हात लावायचा नाही. नटाला तर कधीच नाही. घंटा देताना तेवढे सेकंद मनात धरायचे.

मी त्या वह्या दोन रात्री बसून वाचल्या. दर डिसेंबरात घड्याळ दिवसाला अर्धा-एक सेकंद पुढे, दर एप्रिलात चारएक सेकंद मागे. तेवीस वर्षं तोच नमुना. पोलादाच्या प्रसरणाचा प्रयोग कुणी न सांगता या शाळेच्या ऑफिसात तेवीस वर्षं चालू होता. प्रयोगशाळा शेजारच्याच खोलीत होती, तिला नेहमी कुलूप असायचं. (विज्ञानाच्या बाई हसताहेत, म्हणजे मान्य आहे.)

आणि २१ एप्रिल १९७९ ची ओळ : "२१ से. मागे. घंटा धरून दिली." सोमवार ते शनिवार पाच दिवस, दिवसाला चारच्या आसपास. अगदी बरोबर बसतं. घंटा अकराला झाली होती. इकडेतिकडे दोन-तीन सेकंद असतील.

त्याच्या पुढच्या ओळीही बघितल्या. घंटेचं काम गेलं तरी नोंद बंद नाही. रोज आकडा आहे. फक्त "घंटा धरून दिली" हे शब्द वर्षभर नाहीत.

मी धंद्याच्या निमित्तानं बरंच वाचतो. जगातल्या मोठमोठ्या घड्याळांची हकीकत वाचताना मला आता सारख्या मामांच्या वह्या दिसतात. इंग्लंडात जॉन हॅरिसन नावाचा सुतार होऊन गेला. समुद्रात रेखांश कळेना म्हणून जहाजं खडकांवर आपटत होती, तेव्हा १७१४ साली पार्लमेंटनं वीस हजार पौंडांचं बक्षीस लावलं होतं. बंदराची वेळ बरोबर घेऊन जाणारं घड्याळ हवं होतं. विषुववृत्तावर एका सेकंदाची चूक म्हणजे जहाज अर्ध्या किलोमीटरला थोडं कमी इतकं इकडचं तिकडे. हॅरिसननं चौथ्या प्रयत्नात तळहाताएवढं घड्याळ केलं. १७६१ साली त्याचा मुलगा ते घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांत चूक निघाली अवघी पाच सेकंद. तरी बक्षीस अडलं. का? एक आक्षेप असा होता की घड्याळ रोज किती पुढे-मागे जातं ते निघण्यापूर्वी लिहून दिलेलं नव्हतं. मागाहून हिशेब जुळवलात कशावरून नाही? १७६४ ला बार्बाडोसला दुसरी सफर झाली तेव्हा रोजचा फरक आधी लिहून दिला. ४७ दिवसांत चूक आली ३९ सेकंद, पहिल्या सफरीपेक्षा पुष्कळ जास्त. आणि तरी पुरावा म्हणून हीच सफर भक्कम, कारण आकडा आधी लिहिलेला होता.

त्याच देशात रूथ बेल्व्हिल नावाच्या बाई होत्या. वेळ विकायच्या. म्हणजे खरोखरच विकायच्या. ग्रिनिचच्या वेधशाळेत खिशातलं घड्याळ घेऊन जायचं, ताडून घ्यायचं, आणि मग लंडनभर घड्याळजींच्या दुकानांत हिंडून वेळ दाखवायची, त्याचे पैसे घ्यायचे. वडिलांनी १८३६ ला सुरू केलेला धंदा बाईंनी १९४० पर्यंत चालवला. तारायंत्र आलं, रेडिओ आला, तरी बाईंची गिऱ्हाइकं होती. त्यांच्या फेरीचा जीव होता वेधशाळेच्या दाखल्यात. आज हे घड्याळ किती चुकतंय, एवढाच तो दाखला. मामांनी घर ते शाळा हेच केलं, तेही फुकट.

तुम्ही म्हणाल, या जुन्या गोष्टी झाल्या. आता मोबाइल आहे. बरं, मोबाइलचं बघू. क्वार्ट्‌झ घड्याळात गारगोटीच्या जातीचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा का? पंधरा वेळा निम्मा करत जा, एक उरतो, म्हणून. तो स्फटिकही थंडी-ऊन ओळखतो. साधारण पंचवीस अंशांला नेटका, त्याहून गरम झालं तरी मंद आणि गार झालं तरी मंद. तो आपल्या मनगटाच्या उबेवर नीट चालतो. घड्याळ काढून कपाटात ठेवलंत की चाल बदलते. त्याच्या वरचं अणूचं घड्याळ. १९५५ साली इंग्लंडात सीझियमच्या अणूवर चालणारं पहिलं कामाचं घड्याळ झालं, आणि १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच बदलली. आता सेकंद म्हणजे दिवसाचा ८६,४०० वा भाग नाही. सीझियमच्या ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे सेकंद. पृथ्वीला त्या कामावरून काढलं.

रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांत अशी अणुघड्याळं बसवलेली असतात. जीपीएसच्या उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ पुढे, वेगामुळे ७ मागे. आइन्स्टाइनचा हिशेब. ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश अकरा किलोमीटरांवर जातो, म्हणजे एका दिवसात तुमचा नकाशा भलतंच गाव दाखवायला लागेल. त्यावर उपाय काय केला? घड्याळ वर पाठवण्याआधी जमिनीवरच तेवढं मंद लावलं. माझ्या वडिलांची पद्धत! चूक ठाऊक आहे ना, मग धरून चाल.

आणि सगळ्यात वरचं, जगाचं घड्याळ कुठे आहे? मला वाटायचं पॅरिसजवळ कुठेतरी तळघरात एक यंत्र असेल. तसं काही नाही. जगभरातल्या ऐंशीच्या आसपास प्रयोगशाळा आपापली अणुघड्याळं चालवतात. आपली दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा त्यांत आहे, आपली प्रमाणवेळ तीच सांभाळते. हे सगळे आपापले आकडे पॅरिसजवळच्या कचेरीला पाठवतात. तिथे चारशेहून जास्त घड्याळांची सरासरी काढतात आणि महिन्यातून एकदा एक पत्रक निघतं. अमुक प्रयोगशाळा अमुक तारखेला इतके नॅनोसेकंद पुढे होती, तमुक इतके मागे. दर पाच दिवसांची एक नोंद. जगाची खरी वेळ म्हणजे हे पत्रक, आणि तेही मागच्या महिन्याचं. आत्ता, या क्षणी बरोबर किती वाजले ते जगात कुणालाच माहीत नाही. महिनाभरानं, आपण किती चुकत होतो ते कळतं.

ते पत्रक मी नातवाकडून छापून घेतलं. आकड्यांचे रकाने. शेजारी मामांची वही ठेवली. तिथे नॅनोसेकंद, इथे सेकंद. बाकी रकाने तेच.

ताई दुकानात आल्या त्या दिवशी मी त्यांना एप्रिलचं पान काढून दाखवलं आणि काय झालं होतं ते सांगितलं. हात जोडले. मला वाटलं होतं त्यांना यातलं काही ठाऊक नसेल. त्या म्हणाल्या, "दादा, बाबा घरी बोलले होते. म्हणाले, घड्याळजींच्या पोराचं घड्याळ मागं पडतंय. सोमवारी वेळेवर येतो, बुधवारी प्रार्थना सुरू होताना शिरतो, आणि शनिवारी प्रार्थना संपल्यावर. दर आठवड्याला तसंच. बाप सांगल त्याला."

म्हणजे माझ्या घड्याळाचीही नोंद होती. त्यांच्या डोक्यात. मी उशिरा येऊन ऑफिसासमोर उभा राहायचो तेव्हा ते मोजत होते. आणि त्या खोलीत मुख्याध्यापकांसमोर ते हे बोलले असते तर माझी काय शोभा झाली असती ते मला आज कळतं. ते बोलले नाहीत. वाट बघत राहिले, की मी सांगीन, किंवा माझा बाप सांगेल.

सर, बाई, मित्रमैत्रिणींनो, त्या दिवशी घंटा वेळेवर झाली होती. माझं घड्याळ चार मिनिटं मागे होतं आणि ते मला दुसऱ्या दिवशी कळलं होतं. ज्याचं गणित राहिलं तो मित्र इथे आहे, त्याचंही ते गणित वेळेअभावी राहिलेलं नव्हतं, असं तो मघाशी चहाला स्वतःच म्हणाला. ताई, सेहेचाळीस वर्षं उशीर झाला. तुमची आणि मामांची मी सर्वांसमोर माफी मागतो.

घड्याळ नवीन ऑफिसात लागणार आहे. मी ते धुऊन, तेल घालून दिलं आहे. नटाला हात लावलेला नाही, मामांनी ठेवलं होतं तिथेच आहे. जुन्या वह्या ताईंच्या परवानगीनं शाळेच्या ग्रंथालयात जातील. घड्याळाखाली एक खिळा मारून घ्यावा, त्याला ही नवी वही दोरीनं बांधायची आहे. तारखा घालून दिल्या आहेत. पहिली ओळ मी आज सकाळी लिहिली : "३ से. मागे." उद्याची कुणी लिहायची ते मुख्याध्यापकबाईंनी ठरवावं.